टप्पा पहिला : मूठ मिटणे

वासुदेवरावांना या कामातून तीन गोष्टी मिळायच्या होत्या. पहिली, पुण्याच्या एका संशोधन संस्थेत जागा. दुसरी, जवाहरनगरच्या क्वार्टरमधून सुटका. तिथं त्यांच्या मागून नोकरीला लागलेला एक माणूस त्यांच्या वरच्या खुर्चीवर जाऊन बसला होता, आणि रोज सकाळी फॅक्टरीच्या बसमध्ये त्याला नमस्कार घालावा लागायचा. तिसरी गोष्ट ते स्वतः बोलत नसत, त्यांची बायको उषाबाई बोलत. सासऱ्याच्या ओसरीवर थोरल्या साडूच्या शेजारी बसताना यांनाही जरा पाय पसरून बसता यावं, एवढंच त्या माउलीचं म्हणणं. साडू नागपूरला मोठा साहेब होता.

पहिल्या दोन मिळाल्या. तिसरीचं सांगता येत नाही, कारण पुण्याला गेल्यावर ते सासऱ्याच्या ओसरीवर फारसे आलेच नाहीत.

वासुदेवराव आमच्या एकोडीचे जावई. फॅक्टरीत मोजमापाची यंत्रं दुरुस्त करायचे. माणूस हुशार, त्यात खोट नाही. परदेशात हात तुटलेल्या माणसाला यंत्राचा हात लावतात आणि तो नुसता मनातल्या हुकमावर चालतो, असं त्यांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलं, आणि तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचेना. पुण्याच्या संस्थेला पत्रं घातली. संस्थेनं कळवलं, आधी योजना सादर करा. प्राथमिक पाहणी कशी करणार, प्रश्न कोणते विचारणार, टप्पे कोणते, हे लिहा. आणि निदान एक तरी पात्र माणूस राजी असल्याचा कागद जोडा.

पात्र माणूस एकोडीत होता. त्र्याऐंशीच्या जूनमधल्या एका रविवारी दोन एस.ट्या बदलून वासुदेवराव माझ्या दुकानाच्या ओसरीवर उतरले. मी टेकचंद. उजव्या अंगाला माझा किराणा आणि डाव्या अंगाला पोस्टाची शाखा, दोन्हीकडे मीच. गूळही मी तोलायचो आणि शिक्काही मीच मारायचो. गावात कोणाचं काय आलं आणि काय गेलं, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नसायचं. मला या कामातून काय मिळायचं होतं? तेही सांगतो. ओसरीवर गर्दी.

सुखराम आमचा पाणकर. आमच्याकडे धान तलावावर जगतं, आणि भादव्यात पावसानं पाठ फिरवली की तलावाचं पाणी पाळीपाळीनं सोडावं लागतं. तलावाच्या पारीत, म्हणजे बांधात, खाली पाणी सोडायचं तोंड असतं, त्याला तुडूम म्हणतात. त्यात लाकडाची खुटी ठोकलेली असते. ती कधी उपटायची, कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, किती घटका पाणी द्यायचं, हे पाणकर ठरवतो आणि गाव ऐकतं. त्याच्या सात वर्षं आधी एका धान गिरणीच्या पट्ट्यात सुखरामचा उजवा हात गेला, कोपराखाली चार बोटं तेवढा उरला. गाव म्हणालं, आता पाणकर बदलावा लागेल. पण देवाजी लोहारानं बंडीच्या धावेच्या लोखंडाचा आकडा करून दिला, चामड्याची बाही शिवून घेतली, आणि सुखराम पुढच्याच भादव्यात पारीवर उभा राहिला. आकडा खुटीच्या कडीत अडकवायचा, पाय रोवायचा आणि हिसका द्यायचा. म्हणायचा, "हातापरीस बरा हाय गा. याले थंडी नाई लागत आन् जळू नाई चिकटत."

पाळीचा नियम त्याच्याइतका कडक कोणी पाळला नाही. ज्यानं पाळीत नाव लावलं त्यानं आपली बांधी कोरडी ठेवायची. विहिरीचं, शेजाऱ्याच्या ओहोळाचं, कोणतंच पाणी घ्यायचं नाही. नुसतं घेत नाही म्हणून भागत नाही, पाणी यायचं तोंड चिखलानं बुजवून दाखवायचं. बांधीत ओल दिसली की नाव यादीच्या शेवटी. स्वतःच्या सख्ख्या भावाचं नाव त्यानं असं शेवटी टाकलं होतं. भाऊ अजून बोलत नाही.

तर वासुदेवरावांनी कागद काढले आणि विचारपूस सुरू केली.

"दिवसातून किती वेळा तुला तो हात आठवतो, सुखराम?"

"आठवाले थो गेला कुठं जी? इथंच रायते. पहिले लय खाजवे, मुंग्या येत. आता सात वर्षात मंदावला."

वासुदेवरावांनी लिहिलं : जाणीव आहे, मंद.

"यंत्राचा हात मिळाला तर पहिलं काम कोणतं करशील?"

"तुडुमाची खुटी उपटीन."

"ती तर आत्ताही उपटतोस."

"मंग जवाईबापू, हात कायले पाह्यजे मले?"

ओसरी हसली. घनश्याम नावाचा एक आडदांड गडी होता, तो म्हणाला, "कान खाजवाले! आकड्यानं खाजवशीन तं कानच हातात येईन!" सुखरामही हसला. मग हसू ओसरल्यावर, कोणी विचारलेलं नसताना, खाली पाहत म्हणाला, "ओंजळ करीन."

हे बाहेरच्याला कळायचं नाही. मोसमातलं पहिलं पाणी सुटलं की पाणकरानं ते ओंजळीत धरून पारीवरच्या देवाला वाहायचं असतं. हात गेल्यापासून ती ओंजळ दोघांची व्हायची. डावा हात सुखरामचा, उजवा त्याच्या बायकोचा, देवकाबाईचा. सात वर्षं दोघं असे खांद्याला खांदा लावून वाकायचे, आणि दोन हातांच्या फटीतून निम्मं पाणी गळून जायचं. कोणी काही बोलत नसे. पण सुखरामला ते गळणारं पाणी दिसत असणार. पाणकरच तो.

वासुदेवरावांनी लिहिलं : अपेक्षा, धार्मिक.

मग त्यांनी पिशवीतून एक डबा काढला, स्वतः केलेला. वर काचेत काटा, खाली तीन तारा. तारांच्या टोकांना मलम लावून ती सुखरामच्या थोट्या हातावर चिकटवली. "आता हात आहे असं समज. मनात मूठ मीट. जोरात."

सुखरामनं डोळे मिटले. कपाळावर शीर उठली.

काटा हलला.

खोटं सांगत नाही, मी स्वतः पाहिला. तांदळाच्या दाण्याएवढा सरकला आणि परत खाली आला. ओसरीवर पन्नास माणूस होतं, त्यातलं कोणी खोकललंसुद्धा नाही. मग घनश्याम हळूच म्हणाला, "आरे बाप्पा." सुखरामनं पुन्हा मूठ मिटली, काटा पुन्हा हलला. तो काट्याकडे असं पाहत होता, जणू सात वर्षांमागं हरवलेला बैल कोणी दावणीला आणून बांधला होता. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं डाव्या हातानं पुसलं आणि आम्ही सगळे दुसरीकडं पाहू लागलो.

"हात कधी येणार, जवाईबापू?" मीच विचारलं.

"आधी योजना मंजूर व्हायला हवी. मग प्राथमिक पाहणी."

"मंग हात?"

"मग अहवाल."

"आन् मंग?"

"मग पुढची योजना," असं म्हणून त्यांनी डबा पिशवीत ठेवला. हे त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, हे त्यांच्या बाजूनं लिहून ठेवतो. पण काटा हललेला पाहिल्यावर अहवाल कोणाला ऐकू येतो?

पुढच्या रविवारी ते छापल्यासारखा सुंदर अक्षरातला कागद घेऊन आले. पात्रतेच्या अटी. सातवी अट अशी : व्यक्ती सध्या कोणतेही कृत्रिम साधन वापरीत नसावी. मी ती वाचून दाखवली. सुखरामचा चेहरा उजळला.

"म्हंजे पाळीत नाव लावलं का बांधी कोरडी ठेवाची. असंच न जी?"

वासुदेवरावांना ही उपमा इतकी आवडली की त्यांनी मांडीवर थाप मारली. "अगदी तसंच!"

त्या दोन शब्दांवर पुढचं सगळं उभं राहिलं.

दुसरा कागद सरावाचा होता. टप्पा पहिला : मूठ मिटणे. रोज सकाळी शंभर वेळा, संध्याकाळी शंभर वेळा, मनातल्या मनात. टप्पा दुसरा : मूठ उघडणे. तो योजना मंजूर झाल्यावर. "दोन हुकूम एकदम शिकवले तर यंत्राला कोणता कोणता ते कळत नाही," वासुदेवराव म्हणाले. "आधी एक पक्का करू." सुखरामला हेही पटलं. पाळी येण्याआधी तुडूम उघडत नाहीत.

राजी असल्याच्या कागदावर त्यानं डाव्या हाताचा अंगठा उठवला. मोजणी ठेवायचं काम माझ्याकडं आलं. सुखराम प्रत्येक मुठीला एक चिंचोका डब्यात टाकायचा, संध्याकाळी डबा माझ्याकडं आणायचा, आणि मी तक्त्यात आकडा भरायचो. दोनशे. दोनशे. दोनशे. तो माणूस एकशे नव्व्याण्णव कधी आणायचा नाही.

आणि त्यानं हाताचा लोखंडी आकडा काढून ठेवला. नुसता काढून ठेवला असता तरी निभलं असतं. पण तोंड चिखलानं बुजवल्याशिवाय बांधी कोरडी म्हणत नाहीत. तो देवाजी लोहाराकडं गेला आणि आकड्याचा विळा ठोकून घेतला.

देवकाबाई तो विळा घेऊन तशीच माझ्या दुकानात आली. "भाऊजी, तुमी समजावा याईले. थो आकडा आमाले जेवू घालत होता. हात येईन थवा येईन."

सुखराम मागंच उभा होता. "पंधरा वर्ष मी लोकाईच्या बांध्या तपासल्या. आता माही पाळी आली तं मी चोरून पाणी घेऊ?"

"कोरड्या बांधीत धान वाळून जाते, पाणकर," देवकाबाई म्हणाली. "हेबी तुमीच सांगत होते लोकाईले."

तो हसला. मी त्याची बाजू घेतली. काटा मी पाहिला होता ना.

भादवा आला, पाऊस गेला, धान पोटरीत होतं. पारीवर गाव जमलं. सुखरामनं एका हातानं खुटी धरली. हलली नाही. पाय रोवला, खांद्यानं रेटली, घामानं निथळला. घनश्यामनं मागून हात घातला आणि पोर दात पाडतं तशी ती उपटली. त्या वर्षी ओंजळही झाली नाही, कारण ज्यानं खुटी उपटली त्यानं पाणी धरायचं असतं. घनश्यामनं धरलं. त्याच्या ओंजळीतून एक थेंब गळला नाही.

तिसऱ्या पाळीपर्यंत सगळे घनश्यामलाच हाक मारू लागले. हंगामाचं धान, पाणकराचा वाटा, त्याच्या घरी गेला. सुखराम ओसरीवर येऊन म्हणाला, "सहा-सात महिन्याची गोष्ट हाय, टेकचंदभाऊ. अक्षय तृतीयेले पाणकर पुन्हा ठरते. थवापर्यंत दुसरा टप्पा येईनच." आणि डबा पुढं केला. दोनशे.

दिवाळीच्या सुमारास ती मूठ दुखू लागली.

नसलेली मूठ. आधी मंदावलेला हात सरावानं जागा झाला. मग एका सकाळी शंभर मुठी झाल्या आणि शेवटची सुटलीच नाही. "बोटं मिटून बसले," तो सांगायचा. "नखं तळव्यात रुतून राहिले." थोट्या हाताला कपडा लागला तरी कळवळायचा. मी म्हटलं, मग उघड की ती! तो म्हणाला, "कशी? थो तं दुसरा टप्पा हाय न."

मी वासुदेवरावांना पत्र घातलं. उत्तर आठ दिवसांत आलं : "फार उत्तम लक्षण. मेंदू हात विसरलेला नाही. वेदना कोणत्या वेळी होते ते तक्त्यात नोंदवावे. सराव थांबवू नये." मी तक्त्याला आणखी एक रकाना पाडला. कशाला नाही म्हणू, रेघ चांगली सरळ आली होती.

एकवीस जानेवारीला पोस्टकार्ड आलं, माझ्या नावचं. "योजना समितीस पसंत पडली, परंतु पाहणीसाठी माणसे शहरातील दवाखान्यातूनच घ्यावीत असे ठरले. मला संस्थेत घेतले आहे. पुढील सोमवारी रुजू होतो. सुखरामला योग्य वेळी सांगावे."

योग्य वेळ. मी ते कार्ड तिकिटांच्या डब्याखाली ठेवलं. त्याच संध्याकाळी सुखराम डबा घेऊन आला. मी दोनशे लिहिले.

का नाही सांगितलं? गावात जावयाचं उणं काढत नाहीत, हे एक. वासुदेवरावांचे सासरे माझ्या दुकानाचे मोठे गिऱ्हाईक, हे दुसरं. आणि तिसरं, खरं : सांगितलं असतं तर काटा पाहून मीही मूर्ख ठरलो होतो, हे गावाला कळलं असतं. ओसरीवर अजून लोक यायचे, विचारायचे, "काय म्हंते पुनं?" मी म्हणायचो, "चालू आहे." लोक बसायचे, सुपारी कातरायचे, जाताना काहीतरी घेऊन जायचे.

अक्षय तृतीया आली. पारीवर बैठक बसली. सुखराम गेला आणि म्हणाला, एक हंगाम थांबा. देवाजी लोहार म्हणाला, "आकडा पुन्हा करून देतो गा, आजच्या आज." मी तिथंच होतो. तेव्हा तोंड उघडलं असतं तरी चाललं असतं. सुखरामनं मान हलवली. "आता नाव लावलं हाय. आन् बाहीबी सोसवत नाई." घनश्यामच्या कपाळाला कुंकू लागलं.

त्यानंतर सहा दिवसांनी, दहा मेच्या संध्याकाळी, डबा ठेवताना त्याच्या हातून चिंचोके सांडले. तो वाकून एकेक वेचू लागला. एक पोत्याखाली गेला होता. तो सापडेपर्यंत तो उठेना. ओठ निळे पडले होते, थोटा हात छातीशी धरलेला, आणि एकशे नव्व्याण्णव हातात असताना तो पोत्याखाली चाचपत होता. मला राहवलं नाही. कार्ड काढून वाचून दाखवलं. तारखेसकट.

तो ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला असता तर माझं ओझं हलकं झालं असतं.

"अजून काही लिहिलं हाय?" त्यानं विचारलं.

"नाही."

"पाहा न बरं. मांगच्या बाजूनं."

मागच्या बाजूला पत्ता होता. माझा.

"मूठ उघडाची कशी, थे नाई लिहिलं कुठंच?"

मी त्या रात्रीच वासुदेवरावांना पुण्याच्या पत्त्यावर लिहिलं. जूनमध्ये उत्तर आलं, तेही उषाबाईंच्या हातचं. ह्यांना कामातून डोकं वर काढायला फुरसत नाही, पण ते म्हणतात की दुसऱ्या टप्प्याला डबा लागतो, काटा पाहिल्याशिवाय मूठ उघडल्याचं माणसाला कळत नाही. आणि डबा आता संस्थेच्या मालकीचा आहे. सगळ्यांना नमस्कार.

देवकाबाईनं आपल्या परीनं सुरू केलं. दुपारी कामावरून आली की विळा भिंतीला खोचते, हात धुते आणि त्याच्यासमोर बसते. थोट्या हाताच्या पुढं, जिथं मूठ असायला हवी तिथं, रिकाम्या हवेत दोन्ही हात नेते आणि एकेक बोट सोडवते. करंगळी. तिच्याजवळचं. "सुटलं?" ती विचारते. तो डोळे मिटून म्हणतो, "थोडकसं." मग अंगठ्याशी येतात आणि पहिली करंगळी पुन्हा मिटते. मी एकदा दारातून पाहिलं. पुन्हा त्या वाटेनं गेलो नाही. त्यांच्या घरी द्यायचं पीठ-मीठ घनश्यामच्या पोरीच्या हाती पाठवतो.

तक्ता अजून माझ्याकडं आहे. तेव्हा बेरीज करून ठेवतो. जूनच्या शेवटच्या रविवारपासून कार्ड येईपर्यंत दोनशेदहा दिवस, बेचाळीस हजार मुठी. या वासुदेवरावांच्या नावच्या. त्यांची जागा, क्वार्टरमधली सुटका, योजनेला जोडलेला एक अंगठा, सगळं त्यातून आलं. कार्ड आल्यापासून मी तोंड उघडेपर्यंत एकशेदहा दिवस, बावीस हजार. या माझ्या. त्यात मला काय मिळालं म्हणाल, तर सुपारी आणि गर्दी. चौसष्ट हजार मिटलेल्या, उघडलेली एक नाही. किंमत भरली सगळी सुखरामनं, आणि त्याला झेपली नाही तेवढी देवकाबाई दुपारी बसून भरते आहे.